हं

रॅस्मी हॅलक्रो टोपी मांडीवर ठेवतो
आणि विचारतो, तोंडी व्यवहाराला
कायद्यात काही किंमत नाही ना?
आहे, मी सांगते. कागदाइतकीच.
शब्द हवेत विरतो ही बोलायची रीत झाली.
लर्विकच्या शेरीफ कोर्टात तो विरत नाही,
फक्त दाखवायचा कसा, एवढंच.

इंकस्टरच्या धाकट्याला होडी हवी होती, सोळा फुटी.
लार्चच्या फळ्या, तांब्याचे खिळे,
तीन हजार आठशे पौंड.
फाटकापाशी ठरलं. वारा एवढा
की अर्धं बोलणं मेंढ्यांनीच ऐकलं.
हिवाळाभर रंधा चालला.
मार्चात धाकट्यानं फायबरची आणली, वापरलेली,
ॲबर्डीनहून फेरीवर चढवून,
आणि म्हणाला, आपलं असं नक्की कुठे ठरलं होतं?

साक्षीदार?
ओसला होती, कुंपणापलीकडे. तिला फेब्रुवारीत पुरलं.
मेसेज?
तडकलेला फोन तो पुढे सरकवतो.
नोव्हेंबर, रात्रीचे नऊ. "फळ्या आल्या का?"
खाली याचं उत्तर, "आल्या."
हे जपा, मी म्हणते.
ज्याला होडी नको तो फळ्यांची चौकशी करत नाही.
लाकडाची पावती जपा. तारखा आठवतील तशा लिहा,
न आठवणाऱ्या रचू नका.
आधी पत्र, रकमेसह, चौदा दिवसांची मुदत.
मग मध्यस्थ, तो तयार असेल तर.
मग दावा. पाच हजारांच्या आत आहे,
वकील हवाच असं नाही.
होडी दुसऱ्याला विकलीत तर मागायचा तो फरक.

विकणार नाही, तो म्हणतो.
थोड्या वेळानं, विकीन.

फॉर्मवर एक रकाना आहे:
काय ठरलं, नेमक्या शब्दांत.
तुम्ही काय म्हणालात?
मेपर्यंत देतो, इतके पडतील.
आणि तो?
हं.
नुसतं हं?
हं.

म्हणून दाखवा, मी सांगते, जसं ऐकलंत तसं.
तो उठतो, दाराच्या कडेला हात टेकतो
फाटक धरल्यासारखा, आणि म्हणतो, हं.
दोन्ही पाय जमिनीवर असलेला.
पुन्हा म्हणतो. या वेळी शेवट जरासा वर जातो,
बोल पुढे, ऐकतोय, अशासारखा.
तिसऱ्यांदा त्याचं त्यालाच कळत नाही.

याच्या बापाशी चाळीस वर्षं
एवढ्या एका अक्षरावर केलं सगळं, तो म्हणतो.
बाप म्हणायचा तेव्हा कळायचं.

माझं पेन रकान्यावरच.
मग त्याला आठवतं:
हात दिला होता त्यानं. हातमोजा काढून.
त्या वाऱ्यात?
दातांनी ओढून काढला.

मी तेही लिहिते.
शेरीफ त्याचं काय करील, माहीत नाही.

पुढच्या मंगळवारी येता का, पत्र तयार ठेवते.
टोपी डोक्यावर चढते. हं, तो म्हणतो,
दारापर्यंत जातो, परत येतो,
येईन. साडेदहाला. लिहून घे.