चार मात्रांची जागा

अंबादास तेलुगूत मोजतो,
ओकटी, रेंडू, मूडू,
आई विड्या मोजायची तसा.
मी मराठीत लिहिते,
शेंगाचटणीचं बोट वहीला पुसत.

दाजी पेठ, वरची खोली,
खाली कुणाचे तरी माग.
गाणं मोठं होण्याबद्दल.
पहिल्या कडव्यात मी चप्पल लहान पडू दिली.
म्हणाला, हे सगळेच लिहितात, काढ.
राग आला. काढली.

मग तो कीबोर्डवर मागाचा ठेका धरू लागला,
खट्याक-खट, खट्याक-खट.
म्हटलं, खाली फुकट मिळतंय की रे.
हसला, बंद केला.

दुसऱ्या कडव्यात वडील,
टॉवेलांच्या गठ्ठ्यावर झोपलेले,
आणि मी पहिल्यांदाच त्यांना
पाळीसाठी उठवलं नाही.
ती ओळ त्याने तीनदा वाचली.
चाल बसेना.

तेवढ्यात लाइट गेली.
सगळे माग एकदम थांबले.
अंधारात तो पुटपुटला,
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.
"इथं काही वाजवायचं नाही.
एवढी जागा ठेव."

वहीत चाचपडत मी चार टिंबं काढली.

लाइट आली. चहा गार.
चपलेच्या जागी
अजून काही सुचलेलं नाही.