चूक

भंडाऱ्यातल्या बंद पडलेल्या छापखान्याचं भिंग
मला पितळेच्या भावात मिळालं.
सहाशे ऐंशी ग्रॅम. भंगारवाल्यानं काचही तोलली,
तिचे वेगळे पैसे लावले नाहीत.

कॅमेरा आधीपासून घरात होता,
शाळेच्या प्रयोगशाळेतून निर्लेखनात निघालेला,
भाता उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलेला.
एकतीस वर्षं त्याच्यावरची धूळ पुसली, सरकारी पगारात.
पोटात काय आहे ते निवृत्तीनंतर पाहिलं.

दोघांच्या मध्ये चार इंच चौकोनी फळी हवी होती.
तेवढीच नव्हती.

अड्याळला डोमाजी निकुऱ्याकडे गेलो.
तो मला मास्तर म्हणतो. मी कधी शिकवलं नाही,
परीक्षानळ्या धुतल्या.
"साग दे," म्हटलं.
"एवढुशा कामाले साग कायले?
शिवण घे मास्तर. ढोलकीचं लाकूड.
ना फुगे, ना आटे."

भिंगाच्या मानेचं माप मी दोऱ्यानं घेतलं
आणि दोरा ताणला गेला.
पहिल्या फळीचं भोक ऐसपैस झालं.
दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याच्या सुनेनं
तिच्यावर बुडगोल तांब्या बसवलेला.
छान बसला होता.

दुसरी फळी त्यानं दोन पातळ पात्यांची केली,
एकीचे रेषे उभे, दुसरीचे आडवे, मध्ये सरस.
"भांडू दे आपसात," म्हणाला,
"म्हंजे कोनीच वाकत नाही."
सरस वाळेपर्यंत चार कोपऱ्यांना चार चुका मारल्या.
मग अर्धगोल कानस, सुतासुतानं,
भिंगाची मान दर वेळी घालून पाहायची, काढायची,
फुंकायचं.
एप्रिलचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं,
भुसा त्याच्या भुवयांवर बसला होता.
शेवटी भिंग आत गेलं
आणि कुठंही वाजलं नाही.
मागच्या बाजूला चिमणीची काजळी सरसात कालवून फासली.
चुका उपटल्या. भोकं बुजवली.
तीन.

पहिला फोटो त्याचाच काढायचं ठरलं होतं.
काळ्या कापडाखाली आधी तो शिरला,
कारखाना उलटा टांगलेला पाहून
आतूनच ओरडला, "अरे, माह्या करवती पडतीन ना!"
मग तिपाईवर बसला, हातात कानस.
मी कागदावरची झडप ओढली, भिंगाची टोपी काढली,
सात आकडे मोजले, टोपी घातली.
तेवढ्यात चहा आला.
डोमाजी उठला. आम्ही ओट्यावर बसून
त्याच्या जावयाच्या ट्रॅक्टरबद्दल बोललो, बरंच.
झडप उघडीच राहिली.

भिंगाला टोपी होती.
चुकेला टोपी नव्हती.

रात्री लाल दिव्याखाली थाळीत
डोमाजी हळूहळू वर आला, कानस, मिशा, सगळा.
आणि त्याच्या शेजारी, दीड इंचावर,
फिकट, पाण्यात भिजल्यासारखी
तीच तिपाई. रिकामी.

दोन पैशांच्या खिळ्याएवढ्या त्या भोकानं
माझे सात आकडे मानले नव्हते.
तो उठल्यानंतरचं ते पाहत बसलं होतं.

सकाळी फोटो नेऊन दिला.
डोमाजीनं तो उन्हात धरला, सावलीत धरला.
स्वतःकडे फारसं पाहिलं नाही.
"तिपाई साजरी उतरली," म्हणाला.
मग फळी मागितली, चौथ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला,
चूल पेटवली, सरसाचा डबा ठेवला.

सरस पातळ व्हायला वेळ लागतो.
तेवढा वेळ दोघंही गप्प.
डब्याच्या कडेनं बुडबुडे सुटायला लागले
तेव्हा मी म्हटलं, राहू दे.

आता त्या भोकात मी मेण भरतो.
नखानं काढता येईल, एवढंच.