पुलीवरची खूण

उद्यमनगरच्या तिसऱ्या गल्लीत
छप्पन सालची डॉज नाक उघडं टाकून उभी आहे.
रेडिएटर भिंतीला टेकवलाय,
जाळी खुर्चीवर, पाहुण्यासारखी.
गाडी शाहूपुरीच्या माणगावे अडत्यांची;
डिकी उघडली की अजून गुळाचा वास येतो
आणि कुठून तरी चार मुंग्या.

पावतीवर तक्रार एवढीच :
पट्टा ओरडतो. पुढून खडखड.

चालू इंजिनावर बॅटरी मारली तर
क्रँकची पुली डुलत होती,
दमत आलेल्या भोवऱ्यासारखी.

खोलण्याआधी मी सवयीनं
सहाव्या सिलिंडरवरचं बूच काढलं,
सायकलीची तार आत सोडली,
इंजिन हातानं फिरवत नेलं.
तार वर आली, वर आली, थबकली.
हे खरं टोक. पिस्टन इथून पुढं जात नाही.
आणि पुलीवरची खूण काट्यापासून लांब, भलतीकडंच.
तार वाकडी असेल म्हणून दुसरी घेतली.
चौदा अंश.
दुसऱ्या तारेनंही चौदा.

मग हँडलचं नट. सुटेना.
पान्याला पाइप घातला, पाइपला मी लोंबकळले,
तेव्हा एकदाचं करकरलं.
पुलर लावला, तिन्ही बोल्ट सारखे पिळत,
एकाला जास्त दिलं की बाकीचे रुसतात.
अर्धचंद्राची चावी शाबूत निघाली, नखाएवढी, निळसर.

पुली हातात आली तर ती एक नव्हतीच.
आत लोखंडी बूड, बाहेर लोखंडी कडं,
मधे रबर, इंजिनाचे हादरे गिळायला भरलेलं.
त्याचं झालं होतं काहिलीला करपलेल्या गुळासारखं.
कडं नुसतंच बसलं होतं बुडावर.
फिरवलं,
तर फिरलं.

त्या कड्यावर ती रेघ.
तिच्यात पांढरा रंग मीच भरलेला,
आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी, काडीनं, जीभ बाहेर काढून.

तेव्हा माझ्याकडं नवाकोरा टायमिंग लाइट होता
आणि दस्तगीरमामा डोळे मिटून
डिस्ट्रिब्युटर फिरवायचे कानावर.
"मामा, खूण बघा की. बारा अंश चुकतंय तुमचं."
"खुणंला इंजिन ऐकू येतंय व्हय गं?"
मी सगळ्या गॅरेजसमोर लाइट मारून दाखवला,
खूण काट्याखाली आणूनच सोडली.
पोरं हसली.
मामा हात पुसत चहा सांगायला गेले.
गाडी पन्हाळ्याच्या चढाला धापा टाकत राहिली
आणि मी म्हणत राहिले, पेट्रोलात भेसळ.

तेव्हा बारा. आता चौदा.
कडं सरकतच होतं, पट्ट्याच्या ओढीनं,
कुणाला न सांगता.

जिन्नाप्पा चौगुल्यांनी नवं कडं कातलं,
शिरोलीच्या एकानं रबर भरून दिलं,
मधे तीन वेळा "उद्या या".
पुली आली ती कोरी, चकचकीत, बिनखुणेची.
हलक्या हातानं ठोकून बसवली, पुन्हा तार सोडली,
आणि छिन्नीनं रेघ पाडताना
माझा हात पहिल्यांदा थरथरला.

मामांना आता हाक ऐकू येत नाही.
तरी त्यांना टायरवरून उठवून आणलं.
त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं,
लाकडी मूठ दातात धरली, डोळे मिटले.
अंगठ्यानं डिस्ट्रिब्युटर जरासं मागं,
जरासं आणखी. परत एक केसभर पुढं.
इंजिन एकदम मऊ झालं, मांजर कुशीवर वळावं तसं.
मूठ तोंडातून काढून ते माझ्याकडं बघत राहिले.

मी ओरडले, "मामा, खूण सरकली होती!"
"काय?"
"खूण! तेव्हाच सरकली होती! तुमचं बरोबर होतं!"

"सांग की," ते म्हणाले. "दोन.
माझा बिनसाखरेचा."