शून्य नंबरचं काम

डेपोत एकोणतीस वर्षं स्टोअर सांभाळलं.
कुठला बोल्ट कुठल्या खणात, झोपेत सांगायचे.
आणि आता घरच्या दहा बाय अठराच्या गॅरेजला
कुठनं हात घालायचा, तेच ठरेना.

श्रीपाल म्हणाले, आधी फरशी.
मिरज रोडला पार्किंग टाइल स्वस्त लागलीय,
रविवारपर्यंतच.
मी लिहिलं: १. फरशी.
दस्तगीर गवंडी बशीत चहा ओतत म्हणाला,
वहिनी, फरशी बसवून मग भिंत खरवडणार?
ढलप्या सगळ्या नव्या टाइलवर?
खोडलं. १. गिलावा.
ऐवळ्यांचा किशोर, वायरिंगवाला, फाटकातनंच ओरडला,
गिलावा झाल्यावर मला बोलवू नका बरं का,
मी परत झिऱ्या पाडत बसणार नाही.
खोडलं.
वीजबिलाची पाठ संपली,
पाणीपट्टीची घेतली.

शटरवाल्याला उंची पाहिजे.
उंची फरशीवर, फरशी उतारावर,
उतार गटारीवर,
आणि शामरावनगरातली गटार महापालिकेच्या मनावर.
एक नंबरचं काम असं बघता बघता
गॅरेजातनं बाहेर पडलं
आणि रस्त्यावर आमच्या ओमनीशेजारी जाऊन उभं राहिलं,
कडुलिंबाची पानं झेलत.

बरं, आधी रिकामं तरी करू.
रिकामं करणं यादीत कुणी धरतच नाही.
तीन गाद्या. हळदीच्या पेढीवरचा तागडीकाटा, एका पारड्याचा.
शीतलची सायकल, तिला गिअर होते म्हणून ठेवलेली.
एकोणीसच्या पुरात बुडालेला मिक्सर,
ज्याच्याबद्दल हे अजून म्हणतात,
नीट वाळला की चालंल.
मागच्या पेटीखाली गाळ निघाला,
कृष्णेचा,
पापडासारखा वाळलेला, कडा वर वळलेला.
बोटानं उचलला तर भुगा.
झाडून घेतला. त्यालाही यादीत नंबर नव्हता.

संध्याकाळी पुण्याहून शीतलचा फोन.
आई, त्या जागेवर कशाला खर्च?
आयर्विनला चाळीस फूट म्हटलं की तुम्ही बॅगा भरता.
विकून टाका, इकडं या.
डाळ लागतीय म्हणून मी फोन ठेवला.
डाळ खरंच लागली होती,
नंतर.

रात्री श्रीपालनी यादी मागून घेतली.
चष्मा लावला, खोडलेलंसुद्धा वाचलं,
आणि सगळ्यात वर, एकच्या डोक्यावर,
शून्य काढलं.
पुढं बराच वेळ काही नाही.
पंखा कागद उडवत होता, त्यांनी कोपरानं दाबून धरला.
मग लिहिलं: इथंच.
एवढंच. क्रियापद नाही.
जागा नव्हती, म्हणाले.

सकाळी किशोर आला, पाइप खांद्यावर.
बोर्ड किती उंचीला?
पाण्याच्या वर, म्हटलं.
पाणी कुठवर आल्तं?
रेघ होती भिंतीवर, चांगली ठसठशीत, चहाच्या रंगाची.
शीतलच्या लग्नात डिस्टेंपरखाली गेली.
पण पूर ओसरला त्या आठवड्यात
मी तिच्याशी पाठ लावून उभी राहिले होते,
रेघ बरोबर कानाच्या पाळीला.
तशीच उभी राहिले.
किशोरनं पाळीशी पेन्सिल टेकवली,
कुडकं थोडं हललं.

आता दोन इंच वर घे, म्हटलं.
पाणी वाढंल म्हणून?
नाही रे, तेवढी मी खचलेय.
पाण्यासाठी वेगळा फूटभर धर.

टेप लावला. पावणेसहा फूट.
कोपऱ्यात श्रीपाल चवड्यावर उभं राहून,
नसलेल्या बटणाकडं बोट ताणून
बघतायत, हात पोचतोय का.