कॅमेऱ्याची पावती वेगळी

एम्प्रेस गार्डनच्या खिडकीतला माणूस म्हणाला,
कॅमेऱ्याची पावती वेगळी. कशाचे काढणार?
धनेशाचे, मी म्हणालो.
धनेश सकाळी असतो, तो म्हणाला, आत्ता चार वाजलेत.
तरी पावती फाडली.

निनाद बेलसरेने नकाशा पाठवला होता, लाल बाणांसकट:
गारंबीचा वेल, अजगराएवढा जाड,
त्याचा झोपाळ्यासारखा बाक, बाकाखाली ती,
समोर बांबूच्या बेटात मी.
तिला अजिबात कळता कामा नये, काका.
आणि अंगठी दिसली पाहिजे.
आगाऊ तीन हजार.

फुलांचं प्रदर्शन संपून आठवडा झालेला,
मंडपाच्या खुर्च्या अजून एकात एक घातलेल्या.
डास. गुडघा माझाही दुखत होता,
आणि मला तर कुणाला काही विचारायचं नव्हतं.

बत्तीस वर्षं सोमवार पेठेत स्टुडिओ.
मुलींचे फोटो काढले मी, स्थळांना पाठवायचे.
एक प्लास्टिकची कुंडी, एक मखमली पडदा,
कोपर कठड्यावर, साडी मोठ्या बहिणीची,
मागे उभे वडील: जरा उजळ येऊ द्या.
मी उजळ आणायचो.
कितीतरी जणी पोस्टकार्डाएवढ्या कागदात
बार्शी, सांगली, चिपळूण फिरून आल्या,
कुणी कुणी पाकिटासकट परत.
हनुवटी खाली, मी म्हणायचो, अजून थोडी,
आणि त्या घ्यायच्या.

ते दोघं वेलापर्यंत पोचलेच नाहीत.
तिच्या चपलेत खडा गेला.
पायवाटेच्या मधोमध ती एका पायावर,
हात त्याच्या खांद्यावर,
आणि हा पठ्ठ्या घाबरून तिथंच गुडघ्यावर.
तिला वाटलं, खडा काढायला बसला.
तिने पाय पुढे केला.

मग डबी उघडली.

दोनशेच्या लेन्सला ऐकू येत नाही.
ओठ दिसतात. त्याचे हलत होते, तिचे बंद.
फेऱ्या मारणारे दोन आजोबा थांबले.
भेळ खाणारं एक कुटुंब उभं राहिलं, कागदी द्रोण हातात धरून,
त्यातल्या मुलाने मोबाइल वर केला.
मी बोट दाबून ठेवलेलं, फटफटफट, सेकंदाला आठ.
तिने अंगठीकडे पाहिलं.
आजोबांकडे पाहिलं.
मग बांबूंच्या फटीतून थेट काचेत,
माझ्यात.
आणि हनुवटी खाली घेतली.
मी सांगितलं नव्हतं.

कॅमेरा कधी उतरवला, आठवत नाही.
पाठ फिरवून उभा राहिलो.
बांबूवर कुणीकुणी नावं कोरलेली,
ती वाचत बसलो, पावतीवरचे नियम वाचावेत तशी,
एक नाव तर दोनदा होतं, वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर.
आजोबांना मात्र हाक मारून म्हणालो,
धनेश तिकडे आहे, त्या चिंचेवर.
ते गेले. भेळवाले पण गेले.
पोराने जाताना एकदा मागे पाहिलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.
वॉचमनची शिट्टी झाली तेव्हा वळलो.
दोघं पायवाटेवरच मांडी घालून,
चप्पल तिच्या मांडीवर,
डबी दोघांच्या मध्ये, मिटलेली,
आणि ती बोलत होती, बोलत होती,
हात हलवून, भराभर,
तो मान डोलवत नव्हता, नुसता ऐकत होता.

रात्री त्याचा फोन.
तो क्षण मिळाला ना, काका?
पान आडवं आलं, मी म्हणालो.
बरं, तो म्हणाला. मग जरा थांबून,
ऋजुताने गुढीपाडव्यापर्यंत वेळ मागितलाय.
राहिलेले पैसे?
राहू देत, मी म्हणालो. पावतीचे तीस तेवढे द्या.

आज तिचा मेसेज, अनोळखी नंबरवरून:
बांबूवाले काका, पाय पुढे केलेला फोटो असेल तर
मोठा करून ठेवा. मी येऊन नेईन.
मी, एकटी.

आहे. बारा बाय अठरा काढलाय.
खडा दिसत नाही,
पण आहे, तिच्या चेहऱ्यावरून कळतं.
काच लावायची की नाही,
ते तिला विचारीन.