राउख

येन्स जाताना एक बाटली देऊन गेला.
सावद्याला आमच्या केळीच्या वखारीत
पिकवणीच्या थंड खोल्या बसवायला आला होता,
एकवीस दिवस राहिला, उकडलेल्या अंड्यांवर.
शेवटच्या रात्री तेवढा मळ्यात आला, भरताला.

पऱ्हाट्या पेटल्या होत्या. बामणोदची हिरवी, वीतभर वांगी
जाळात कूस बदलत होती.
हा नाक वर करून, डोळे मिटून म्हणाला : राउख.
पुन्हा म्हणाला. राउख.
टोपलूदादानं विचारलं, "काय मांगू राह्यला?"
मी म्हटलं, "राख."
पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं.
दादानं मूठभर राख द्रोणात घालून आणली.
येन्सनं ती दोन्ही हातांनी घेतली, वाकला,
आणि पुढं काय करायचं ते न कळून
ताटाशेजारी ठेवून जेवला.

बाटली दोन वर्षं कपाटात,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीमागं.
आमच्या घरात कोणी घेत नाही.
निदान घरात नाही.

या पौषात नात आली जळगावहून,
हेमांगी. नर्सिंग झालंय, आता तिकडं जायचं म्हणून जर्मन शिकते.
तिनं पदरानं धूळ पुसली, आजीच्याच पदरानं,
आणि चिठ्ठी वाचली :
दोन द्राक्षं, एका बाटलीत.
ट्रोलिंगर फिकं, हलकं, लगेच बोलायला लागणारं;
लेम्बर्गर काळं, तुरट, उशिरा तोंड उघडणारं.
"म्हंजे कयनाच झाला ना माय,"
आजी परातीतून म्हणाली.
कळण्याचंच पीठ मळत होती ती.
नुसती ज्वारी गोड, पण घास गिळला की विसरते.
नुसता उडीद घशाला धरून बसतो.
दोघं एका घट्यावर दळले की मग...
पुढचं न सांगता तिनं बोटावर मीठ चाखलं.

खाली बारीक अक्षरांत, कशाशी प्यावी ते.
हरणाचं मांस. जुनं चीज.
आणि हेमांगी अडखळली : राउख, राउख-काहीतरी.
"धुरावलेलं मांस, आबा. राउख म्हणजे धूर."

मी तांब्या उचलला, तसाच खाली ठेवला.

बूच पकडीनं ओढलं, अर्धं आत पडलं.
चहाच्या गाळणीतून स्टीलच्या पेल्यांत.
शेवभाजीपुढं ती हरली;
काळा मसाला जिभेवर मांडी घालून बसला
आणि तिला उभं राहायलाही जागा उरली नाही.
मांड्याशी रुसली, मानपान चुकलेल्या विहिणीसारखी.
फुणक्यांशी जमलं असतं, मध्ये कढी आली.

मग भरीत. बडगीत ठेचलेलं, मिरची जरा हात आखडून,
वर पातीचा कांदा, शेंगदाणे, कळण्याची भाकरी.
घोट घेतला की आधी जांभूळ,
मग धूर,
मग पुन्हा धूरच, पण लांबचा,
कुणाच्या तरी दुसऱ्याच मळ्यातून येतो तसा.
आजीनं बोट बुडवलं. "आमसूल हाय," म्हणाली.
पुन्हा बुडवलं, आणि काही म्हणाली नाही.

टोपलूदादाला सगळं मोठ्यानं, दोनदा सांगावं लागलं.
तो हसेल असं वाटलं होतं.
"मंग त्या राखेचं काय केलं त्यानं?"

कुणालाच माहीत नव्हतं.
त्या सकाळी पत्रावळी गोळा करताना
द्रोण एक कमी भरला होता,
एवढं मला आठवतं.