एकोणीस मात्रा

रविवार, दहा ते साडेअकरा. सहकारनगरात
वाचनालयाच्या वरच्या खोलीत वृत्तांचा वर्ग.
पंखा दोनच्या वर न्यायचा नाही, अशी पाटी आहे.
सोपान ढमाले उशिरा येतात, मागे बसतात,
शर्टाला पहाटेच्या लाइनीचा वास, दूध आणि ओलं प्लास्टिक.
आज फळ्यापाशी आले. चार ओळी लिहिल्या:

    धुळीने दिली उंबऱ्याला सहीही
    कुलूपास लावे न चावी कुणीही
    कडीला तरी रोज माझी पिशवी
    कुणी बंद केलेच नाही अजूनी

भुजंगप्रयात, मी म्हणालो. चार य.
पहिल्या दोघींचं यमक चोख,
पुढच्या दोघींचं नुसत्या ‘ई’वर भागवलेलं.
आणि तिसरीत पाय घसरलाय, ढमाले.
पि, श, वी. लघु, लघु, गुरु. य हवा तिथे स.
वीस हव्यात, एकोणीस भरतात.
लाल खडूने गोल केला.
‘माझ्या पिशव्या’ करा. जोडाक्षराने ‘श’ गुरु होतो,
ओळ उभी राहते.

वर्ग खूश. असं काही सुटलं
की मलाही दिवसभर बरं वाटतं.

ढमाले म्हणाले, एकच असते, सर.
अर्धा लिटर. शेवडे बाई एकट्याच राहायच्या.

मग रसावर आलो.
पुढच्या बाकावरून एकमुखाने: करुण.
दामले वहिनी म्हणाल्या, शांत.
(त्यांना कशातही शांतच सापडतो.)
ढमाले मान हलवत राहिले.
कसला करुण? हिशेब आहे तो.
पैसे त्यांनी तीस तारखेपर्यंत भरलेत.
सोळाला ॲम्ब्युलन्स आली, वॉचमन एवढंच सांगतो.
आज चोवीस. सहा राहिल्या.
आणि कालची? कुणीतरी विचारलं.
काढतो. आजची लावतो.

हिशेबाचा रस कुठला?
नवांत तरी नाही.
साडेअकरा झाले होते, दाराशी
भजनी मंडळाच्या बायका पेटी घेऊन उभ्या.
मी डस्टर फिरवलं. ओळी गेल्या,
लाल गोल अंधुक राहिला.

सोमवारी सव्वापाचला आमची कडी वाजली.
आमची लाइनही त्यांचीच.
हलका ठोका, अजून एक हलका,
मग दुधाचं वजन.
उठून दार उघडायला हवं होतं,
म्हणायला हवं होतं, राहू द्या ‘पिशवी’.
मी अंथरुणातच बोटांवर मोजत राहिलो
लिफ्ट खाली जाईपर्यंत.